खाली बसणारे आणि न बसणारे

आमच्या कारखान्यात काहीच वाया जात नाही. चटईचे कापलेले काठ, चुकलेला माल, सगळं दळायला जातं. त्याचा पुन्हा प्लास्टिकचा दाणा होतो आणि त्या दाण्याची पुन्हा चटई. किस्से मात्र कोणी दळत नाही, म्हणून त्यांचा ढीग साठत जातो. मी पाचोऱ्याहून जळगावला अप-डाउन करते. गाडीतल्या मैत्रिणींना रोज एक किस्सा सांगितला तरी ढीग आहे तेवढाच. "तुमच्या कंपनीत काम कधी करतात गं?" असं त्या विचारतात. करतात बाई, करतात. पण आधी एकमेकांवर संशय घेऊन होतो, मग काम.

तर आधी माणसं सांगते. जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना. मालक म्हणजे भाऊ. यावलकडच्या केळीवाल्या गावचे, शेती धाकट्या भावावर सोपवून चटईत पडलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा पराग पुण्यात एमबीए करून, तिथली नोकरी सोडून परत आलेला. त्याचं लग्न जमत नाही ही घरातली कायमची काळजी. गेटसमोर जगननानांची चहाची टपरी. नाना शिरपूरजवळच्या खेड्यातले, त्यांची बोली अजून जशीच्या तशी. आणि मी वैशाली, एक्स्पोर्ट डिपार्टमेंट. डिपार्टमेंट म्हणजे मी, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर जगाचा नकाशा.

हे डिपार्टमेंट परागच्या हट्टाने सुरू झालं. देशातला खप बसत चालला होता. लोक घरात सोफे घेतात, लग्नात खुर्च्या मांडतात, चटईवर बसतंय कोण? आमची दोन नंबरची शेड निम्मी रिकामी पडलेली. भाऊंना ती गोडाऊन म्हणून भाड्याने द्यायची होती. पराग म्हणाला, एक संधी द्या, मी बाहेरच्या देशात माल लावतो. भाऊंनी त्याला दिवाळीपर्यंत मुदत दिली. मोठी ऑर्डर आली तर शेड चालू. नाही आली तर शेड भाड्याला, तिथली माणसं घरी, मी पण घरी आणि पराग कायमचा भाऊंच्या शहरातल्या दुकानाच्या गल्ल्यावर. एवढं सगळं भाऊंनी बशीतून चहा पिता पिता सांगितलं आणि बशी खाली ठेवून ते चटया विणायचे लूम बघायला निघून गेले.

* * *

परागने पहिल्याच दिवशी नकाशाशेजारी पांढरा बोर्ड लावला आणि आम्हाला समोर बसवलं. हातात तीन रंगांचे मार्कर. "आधी सेगमेंट, मग टार्गेट, मग पोझिशनिंग," तो म्हणाला. आखाताला हिरवा रंग दिला, तिथे नमाजाच्या चटया आणि घरातल्या बैठका. आफ्रिकेला लाल, तिथे झोपायच्या आणि अंगणात टाकायच्या चटया. युरोपला निळा, तिथे समुद्रकिनारा, बाग, पिकनिक. चटई तीच, पण प्रत्येक ठिकाणी तिची ओळख वेगळी करून द्यायची. मला तर ते पटलं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

भाऊ बराच वेळ बोर्डाकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढे रंग काहून लावले? जगात दोनच गिऱ्हाइकं. एक खाली बसणारे, एक न बसणारे."

पराग म्हणाला, "भाऊ, युरोपातले लोक घरात खुर्चीवर बसतात, पण बाहेर बागेत, बीचवर खाली बसतात. त्याला आउटडोअर लाइफस्टाइल म्हणतात."

"घरात खुर्ची आणि बाहेर मातीत?" भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "वैशाली, त्या लोकायशी जरा जपूनच."

आणि त्यांनी उठून निळ्या रंगाभोवती स्वतःच्या हाताने एक गोल काढला. पोलीस लोक संशयितांच्या फोटोभोवती काढतात ना, तसा.

* * *

निळ्या रंगाचा प्रताप लवकरच दिसला. युरोपातल्या एका कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. आम्ही हौसेने लाल-पिवळ्या, मोरपंखी, झगझगीत चटया कॅमेऱ्यासमोर धरल्या. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, यातलं काही नको, राखाडी दाखवा.

राखाडी! चटईच्या धंद्यात राखाडी म्हणजे भंगाराच्या दाण्याचा माल. सगळे रंग एकत्र दळले की तोच रंग येतो. बाजाराच्या गावी शेवटच्या गाड्यावर विकतात तो. आमच्या लेबलवर तर वर्षानुवर्षं ठळक छापलेलं आहे, "शंभर टक्के नवा दाणा". तो नेहमीच शंभर टक्के असतो असं मी म्हणणार नाही. पण छापलेलं आहे.

पुढे बाईंनी विचारलं, तुमच्या चटईत जुनं प्लास्टिक किती असतं?

परागने माइक बंद केला आणि आनंदाने वळून म्हणाला, "भाऊ, यांना रिसायकल केलेलाच माल पाहिजे! त्याचे ते जास्त भाव देतात. आपण खरं तेच सांगून टाकू."

भाऊंनी डोळे बारीक केले. "भंगाराले जास्त भाव? कोठी असते असं? आधी गोड बोलून कबूल करून घेतील, मंग भाव पाडतील. मी हा डाव तुझ्या जन्माच्या आधीपासून पाहू राह्यलो."

आणि पराग अडवायच्या आत भाऊंनी माइक चालू केला, छातीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलले. जुना दाणा आम्ही कारखान्यात शिरूसुद्धा देत नाही, या अर्थाचं.

बाईंनी आभार मानले. नंतर त्यांचा मेल आला, त्यातही आभारच होते.

ज्या एकाच गिऱ्हाइकाला खरं ऐकायचं होतं, नेमकं त्यालाच आम्ही खोटं सांगितलं. पराग दोन दिवस जेवला नाही. भाऊ म्हणाले, "पाहा, डाव फसल्याबरोबर पळाली का नही?"

* * *

मग हिरवा रंग. मस्कतच्या एका दुकानदाराला आमच्या बैठकीच्या चटया आवडल्या. त्याचा एकच आग्रह होता, माल पोचला की पैसे. पराग म्हणाला, आपण त्याचा क्रेडिट रिपोर्ट मागवू. भाऊ म्हणाले, कागद काय कोणीही लिहून देतो, चौकशी करू.

भाऊंचा एक भाचा मस्कतमध्ये एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याला फोन गेला. त्या दुकानदाराच्या दुकानासमोर बस, चहा पी आणि बघ. भाच्याने कामावर सुट्टी टाकली आणि दुकानासमोरच्या हॉटेलात ठिय्या दिला. त्याचा रिपोर्ट स्पीकरफोनवर आम्ही सगळ्यांनी ऐकला. दुकान मोठं आहे. गर्दी असते. माणूस वेळेवर येतो. नोकरांवर ओरडत नाही. पराग प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

"घरचं कसं काय?" भाऊंनी विचारलं.

"घरचं चांगलं आहे मामा. फक्त थोरल्या भावाशी बोलणं नही त्याचं. शेजारीच दुकान आहे भावाचं, पण एकमेकाकडे पाहतसुद्धा नही."

भाऊंनी फोन ठेवला. "नही जमायचं," म्हणाले. "सख्ख्या भावाशी ज्याचं पटत नही, त्याचं आपल्याशी काय पटेल?"

पराग म्हणाला, "भाऊ, आपण चटया विकतोय. त्याच्या घरी मुलगी देत नाही आहोत."

"दोन्हीत फरक काय?" भाऊ म्हणाले. "दोन्ही ठिकाणी माल एकदा गेला की वापस येत नही."

तो दुकानदार आमच्या शेजारच्या प्लॉटवरच्या चटईवाल्यांकडे गेला. त्यांचे कंटेनर अजून मस्कतला जातात. त्यांच्या गेटमधून कंटेनर निघाला की भाऊ खिडकीतून बघतात आणि म्हणतात, "बघा, एक दिवस भाऊबंदकी नडेल." अजून तरी नडलेली नाही.

* * *

शेजारच्या प्लॉटवरून आठवलं. मागे एकदा एक पोरगेला गृहस्थ आला होता. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणाला, दिवसभर लूम बघत फिरला, मीच त्याला पोहे खाऊ घातले. पुढच्या महिन्यात शेजाऱ्यांच्या चटईवर आमचीच वेलबुट्टी! तेव्हापासून भाऊंनी नियम केला. गेटवर कोणीही अनोळखी माणूस येऊन कारखान्याची चौकशी करू लागला की एकच उत्तर द्यायचं, मंदी आहे. धंदा बसला, मशीन बंद, मालक विकायच्या विचारात. म्हणजे चोराला चोरण्यासारखं काही दिसायलाच नको.

हे उत्तर सगळ्यात झकास द्यायचे ते जगननाना. टपरी गेटसमोर, त्यामुळे येणारा आधी त्यांच्याकडेच. नाना गाळणं हातात धरून असा सुस्कारा सोडत की ऐकणाऱ्याच्या घशात चहा अडकावा. "काय सांगू भो, बठ्ठं बसी गयं. निम्म्या मशिनी बंद शेतस. मालक आज इकस का उद्या इकस."

एकदा सकाळी मी गेटवर पोचले तर एक मोठा टेम्पो उभा. सोबत काटा, साखळ्या, चार हमाल. मालेगावकडचा भंगारवाला होता. म्हणाला, मशिनी उचलायला आलोय. कोणी सांगितलं विचारलं तर त्याने टपरीकडे बोट दाखवलं. भाऊ धावत बाहेर आले. भंगारवाल्याला परत पाठवायला दुपार झाली. जाताना तो भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, हिंमत मत हारो."

नानांना कोणी बोललं नाही. काय बोलणार? नियम भाऊंचाच, आणि नाना तो मन लावून पाळत होते.

* * *

पण नाना सरसकट खोटं बोलणारे आहेत असं समजू नका. त्यांचा एक धर्म आहे, तोही सांगते.

आमच्याकडे सोयरीक जुळवायची म्हणजे फोटो, बायोडेटा हे सगळं वरवरचं. खरी चौकशी टपरीवर होते. मुलीकडचा माणूस न सांगता येतो, चहा सांगतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "तो अमका कसा आहे हो?" निम्मा खान्देश सुरतेला पोटापाण्याला गेलेला, त्यामुळे असे पाहुणे पुष्कळदा सुरतेहूनच येतात. आणि अशा चौकशीत नाना कोणाबद्दल कधीही वाईट बोलत नाहीत.

आमच्या लूमवरचा सुनील. त्याला संध्याकाळी भिंतीचा आधार घ्यावा लागतो हे अख्ख्या एमआयडीसीला माहीत. त्याच्यासाठी सुरतेहून मुलीचा मामा आला आणि नानांनी सांगून टाकलं, पोऱ्या गायसारखा गरीब शे. लग्न झालं. महिन्याभरात नवी नवरी टपरीवर हजर. "तुम्हीच का ते नाना?" म्हणाली. नाना हो म्हणाले. तिने उभ्या उभ्या एक चहा घेतला, पैसे न देता निघून गेली. आजही इकडून जाताना ती तसंच करते आणि नाना एक शब्द काढत नाहीत.

मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, एवढं खोटं का बोललात?"

नाना कप विसळता विसळता म्हणाले, "ताई, धंदानं खोटं येगळं. सोयरीक मोडानं पाप सात पिढीस्ले लागस. ते कोन डोकावर लेई?"

* * *

तर दिवाळी जवळ येत चालली होती आणि ऑर्डर आली की नकाशावर टोचायची टाचणी अजून एकही लागली नव्हती. शेवटचा उपाय म्हणून परागने दुबईच्या ट्रेड फेअरमध्ये स्टॉल घेतला. भाऊ म्हणाले, मी पण येतो. तिथे जगभरचे चोर येत असतील.

मी इकडेच होते, पण परागने फोनवर सगळं सांगितलं. शेजारचे स्टॉल दिव्यांनी लखलखलेले, माल छतापासून टांगलेला. आमच्या स्टॉलवर भाऊंनी सगळ्या चटया गुंडाळून, सुतळीने करकचून बांधून उभ्या ठेवल्या. डिझाइन कोणी बघायला नको! पराग म्हणाला, "भाऊ, मग लोक घेणार काय बघून?" भाऊ म्हणाले, "ज्याले खरंच घ्यायची आहे, तो खाली बसेल. तो बसला की एक सोडू."

पहिला दिवस कोणी बसलं नाही. लोक येत, गुंडाळ्या बघत, पाइपचा स्टॉल समजून पुढे जात.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेठ आले. मोम्बासाचे मोठे व्यापारी, मूळ घराणं गुजरातेतलं, आफ्रिकेत तिसरी पिढी. त्यांनी बूट काढले, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसले. भाऊंचा चेहरा खुलला. सुतळी सुटली. शेठनी चटईवरून हात फिरवला, पण भाव विचारला नाही. हिंदीत विचारलं, तुम्ही भाऊ किती? जमीन वाटली की एकत्र? गाव कोणतं? भाऊ म्हणाले, आमचे पूर्वजही गुजरातेतूनच आले असं म्हणतात. शेठ म्हणाले, अच्छा. मग विचारलं, हा मुलगा एकच का? याचं लग्न झालं?

तासभर बोलणं झालं, त्यात चटईचा विषय दोनदा निघाला. "सोचके बताता हूँ," म्हणून शेठ उठले. जाताना सहज म्हणाले, माझा मेहुणा सुरतेला असतो.

परागने त्याच रात्री मला मेसेज केला. "आफ्रिका सेगमेंट समजला. हे लोक रिलेशनशिप-ओरिएंटेड आहेत." मी बोर्डावर लाल रंगात तसं लिहून ठेवलं.

भाऊ विमानातून उतरले ते एकच वाक्य घेऊन. "तो माणूस अगदी माझ्यासारखा आहे. म्हणून त्याच्यावर बिलकुल भरोसा ठेवू नका."

* * *

त्यानंतर शेठकडून काहीच नाही. मेल नाही, फोन नाही. दसरा गेला.

आमच्याकडे शांतता झाली की प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय येतो. भाऊंना वाटायचं, परागच्या मित्राने आमचे भाव फोडले. परागला वाटायचं, भाऊंनी शेतीच्या गप्पा मारून शेठला कंटाळा आणला. मला दोघांचाही संशय होता. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. टेबलाच्या खणातली माझी फणी, डबा, गोळ्यांची पाकिटं मी थोडी थोडी घरी न्यायला लागले होते.

एका सकाळी टपरीवरून जाताना नानांनी मला हाक मारली. "ताई, काल एक पाव्हना उना व्हता. सुरतथून. भाऊसनी चौकशी करे."

मी तशीच धावत आत गेले आणि भाऊंना, परागला सांगितलं. पराग म्हणाला, "शेठचा मेहुणा!" आणि मग तिघांच्याही डोक्यात एकदम एकच शब्द आला, मंदी.

आम्ही तिघं टपरीवर. भोवती ट्रकवाले चहा पीत होते. भाऊंनी विचारलं, "नाना, त्याले काय सांगितलं?"

नानांनी आधी ट्रकवाल्यांकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "जे सांगाले पायजे तेच सांगं, भाऊ. तुमी काळजी नका करू. आशी गोट चारचौघांत बोलतस नही." आणि त्यांनी गाळणं उचललं, म्हणजे विषय संपला.

जे सांगायला पाहिजे ते म्हणजे काय, हे भाऊंनीच तर शिकवलं होतं. ते चालत दोन नंबरच्या शेडमध्ये गेले आणि एका चटईवर जाऊन बसले, एकटेच. मला त्यांचा इतका राग यायचा एरवी, पण त्या दिवशी मीच त्यांना पाणी नेऊन दिलं. थोड्या वेळाने पराग जाऊन त्यांच्याशेजारी बसला. संध्याकाळी भाऊंनी गोडाऊनच्या दलालाला फोन लावला आणि दिवाळी झाली की शेड बघायला ये म्हणाले.

* * *

आणि आता हा शेवटचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गेटवर एक गाडी थांबली. त्यातून मोम्बासाचे शेठ उतरले. न कळवता! भाऊंनी एका हाताने टोपी सारखी केली आणि दुसऱ्या हाताने सुपरवायझरला खूण केली. सगळे लूम चालू झाले, ज्यांच्यावर सूत नव्हतं तेसुद्धा. नुसता खडखडाट. पराग प्रेझेंटेशन असलेला लॅपटॉप छातीशी धरून पुढे झाला.

शेठनी लूमकडे बघितलंसुद्धा नाही. लॅपटॉपही हाताने बाजूला केला. दोन नंबरच्या शेडमध्ये आले, चटई अंथरायला सांगितली, बूट काढले आणि खाली बसले. भाऊ समोर बसले. मी आणि पॅकिंगच्या बायका भिंतीशी उभ्या. लूम बंद करायला सांगितले तेव्हा एकदम कान बंद झाल्यासारखं शांत झालं.

"लडका यहाँ बैठे," शेठ म्हणाले. पराग बसला. शेठनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग भाऊंकडे वळले.

"मेरे साले ने सब पूछताछ की. बोला, घर अच्छा है. लडका दारू नहीं पीता, तमाखू नहीं खाता, बाप के सामने आवाज नहीं चढाता. धंधे का पूछा तो आपका चायवाला बोला, धंधा तो घटता-बढता रहता है, आदमी देखो." शेठनी चटईवरून हात फिरवला. "मुझे आदमी ही देखना था. पहला कंटेनर कब निकलेगा? और हर महीने एक चाहिए."

भाऊंनी नुसते हात जोडले. पॅकिंगच्या बायका एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. माझे डोळे भरून आले आणि मी सरळ रडले, लाज कसली? पराग तेवढा गोंधळून बसला होता. दारूचं, तमाखूचं टपरीवर कोणी का विचारावं, हे त्याला कुठल्याच रंगात बसवता येईना.

तेवढ्यात जगननाना आत आले. इतक्या वर्षांत नानांनी गेटच्या आत पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. आज धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात चहाची किटली. त्यांनी पहिला कप शेठपुढे ठेवला, दुसरा भाऊंपुढे. मग चपला काढून चटईच्या काठावर मांडी घालून बसले, दोन्ही बाजूंचं भलं बघणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखे, आणि शेठना विचारलं, "मंग शेठ, तुमनी पोर काय शिकेल शे?"

भाऊंचा कप ओठाशीच राहिला. परागने माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघायला गेले, पण नकाशा ऑफिसात होता.

शेठनी चहावर फुंकर मारली, एक घोट घेतला.

"फार्मसी," ते म्हणाले.